गर्भाशयाचा कर्करोग : संशोधन आमच्या बायांवर, फळ कुणाच्या पदरात?

मागच्या पौर्णिमेला आमच्या कॅम्प १ मधील विहारात वंदना आटोपल्यावर आम्ही एक साधा प्रश्न विचारला. तीस वर्षे उलटून गेलेल्या किती भगिनींनी आजवर गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली आहे? सतरंजीवर चाळीस-पंचेचाळीस बायका बसल्या होत्या. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी शेजारणीला कोपरखळी मारली. मागून एक आजी म्हणाल्या, "भाऊ, असल्या गोष्टी बाप्यांनी बोलायच्या नसतात." हात एकही वर आला नाही.

आजींचे म्हणणे आम्ही मनावर घेतले नाही असे नाही. पण २०१७ साली आमच्याच गल्लीतील एक मावशी याच रोगाने गेली, आणि तिच्या आजारपणाची सगळी कागदपत्रे आमच्या हातून गेली. आम्ही कारकून माणूस. डॉक्टरी आम्हांस कळत नाही, पण कागदावरच्या तारखा बघण्याची खोड आहे. त्या तारखांनी आम्हांला जे सांगितले ते बोलल्यावाचून राहवत नाही.

मावशी घरी बसून जीनच्या पँटींचे धागे कापायची. पाळी जाऊन तिला चार वर्षे झाली होती. आधी अंगावरून पांढरे जायचे, त्याला वास यायचा. ती म्हणायची, उष्णता आहे. मग कंबर धरली. पुढे थेंब थेंब रक्त दिसू लागले तेव्हा शेजारणींना तिने सांगितले, "बाई, माझी पाळी परत आली." शेजारणी हसल्या, तीही हसली. एका दवाखान्यात वर्षभर तिला इंजेक्शने आणि लाल गोळ्या मिळत गेल्या. त्या वर्षात तिला एकदाही टेबलावर झोपवून आतून तपासले गेले नाही. शेवटी शहाडहून गाडी पकडून, दादरला उतरून आम्ही तिला परळला टाटा रुग्णालयात नेले, तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यात होता. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स यांत आमच्या रजा संपल्या. मावशी वाचली नाही.

तिने आम्हांला विचारलेला एक प्रश्न मात्र राहून गेला. "भाऊ, माझ्या अंगात हे आलं कुठून? मी तर कुणाच्या वाईटात नाही." तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर जे मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टर मंडळींना विचारत गेलो. त्यातले काही येथे मांडतो.

हा रोग एका विषाणूपासून होतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मनीचे डॉ. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या विषाणूचा सोळा क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढला, पाठोपाठ अठरा क्रमांकाचाही सापडला. या कामाबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरातील या कर्करोगापैकी सुमारे ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरे आहे. येथेच आपल्या घरांत गाडी अडते. रिपोर्टवर एचपीव्ही हा शब्द दिसला की नवरा बायकोकडे आणि सासू सुनेकडे संशयाने बघू लागते. म्हणून हे नीट समजून घ्या. हा विषाणू इतका सर्वत्र पसरलेला आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. पुरुष त्याचा वाहक असतो, पण त्याला सहसा काहीच त्रास होत नाही. लग्नाआधी कधीतरी आलेला, वर्षानुवर्षे गप्प पडलेला विषाणू उतारवयात तपासणीत दिसू शकतो. तो कुणाकडून आणि कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन बायकोच्या चारित्र्याचा पंचनामा करणाऱ्याने आधी आरशात बघावे.

दहापैकी सुमारे नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो. मग गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्ही असलेल्या भगिनींमध्ये हा काळ बराच कमी होतो आणि धोका सहा पटींनी वाढतो. म्हणून त्यांनी तिशीची वाट न पाहता पंचविशीपासूनच तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पंधरा ते वीस वर्षे! मावशीच्या तारखा घेऊन आम्ही मागे मोजत गेलो. तिच्या धाकट्या मुलीचे बारसे झाले त्या सुमारास रोगाने आत पाय ठेवला असणार. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा जरी कुणी तपासले असते तरी बिघडलेला भाग गोठवून किंवा जाळून काढता आला असता. त्याला भूल लागत नाही, पोट फाडावे लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते.

हे "एकदा तपासणे" पुरते का? वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर जगाला ज्यांनी दिले त्या कुणी परदेशी मडमा नव्हत्या. त्या आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यापाड्यांतील बाया होत्या.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथे टाटा रुग्णालयाच्या ग्रामीण प्रकल्पाने १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. भारतातील ग्रामीण भागाची ही पहिली नोंदवही. नोंदी घ्यायला माणसे गावोगाव फिरायची, चावडीवर बसून रोगाची लक्षणे सांगायची. काही वर्षांत असे दिसून आले की नुसत्या या बोलण्याने बाया रोगाच्या लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. ना यंत्र, ना औषध, केवळ कुणीतरी येऊन बोलले म्हणून. (विहारातील आजींना आम्ही पुढच्या वेळी हेच सांगणार आहोत.)

याच बार्शीतून १९९९ मध्ये मोठा अभ्यास सुरू झाला. डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आदी संशोधकांनी उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. एका भागातील बायांची एचपीव्हीची चाचणी झाली. दुसऱ्या भागात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्या भागात पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे चायनीजच्या गाडीवर असते त्या व्हिनेगरसारखेच, लावून डोळ्यांनी पाहिले. बिघडलेला भाग मिनिटाभरात पांढरा पडतो. आणि चौथ्या भागात तपासणी केली नाही. त्या बायांना रोगाची माहिती दिली, तपासणी कोठे होते ते सांगितले.

निकाल २००९ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आम्ही बी.कॉम. झालेले, आकडे समोर आले की रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. एचपीव्ही चाचणी झालेल्या स्त्रिया ३४,१२६. आठ वर्षांत या कर्करोगाने मृत्यू ३४. तपासणी न झालेल्या स्त्रिया ३१,४८८, मृत्यू ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मरणारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. काच आणि व्हिनेगर यांच्या गटांत मात्र मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, त्याच्या पाठीशी असलेल्या पुराव्यात या उस्मानाबादच्या बायाही आहेत.

दुसरा अभ्यास आपल्या आणखी जवळचा, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो चालवला. येथे तपासणी डॉक्टरांनी केली नाही. दहावी शिकलेल्या मुलींना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत व्हिनेगरची तपासणी केली. बारा वर्षांनंतर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उस्मानाबादेत एका फेरीत जे साधले नाही ते मुंबईत चार फेऱ्यांत साधले. आमच्या वस्तीत दहावी झालेल्या आणि घरी बसलेल्या मुली किती आहेत, हा हिशोब वाचकांनीच करावा.

आता कडू भाग. तो गिळून टाकता येत नाही.

चौथ्या गटातल्या त्या ६४ बाया कोण होत्या? कुणाच्या तरी मावश्याच होत्या. काचेवरची तपासणी जगाला १९४० च्या दशकापासून माहीत होती, श्रीमंत देशांत ती नेहमीची झाली होती. मग हजारो बायांना तपासणीवाचून ठेवून कितीजणी मरतात ते मोजायचे, हे न्यायाचे होते काय? हा प्रश्न अमेरिकेतलेच एक डॉक्टर, एरिक सुबा, यांनी जाहीरपणे विचारला. उस्मानाबाद, मुंबई आणि तामिळनाडूतील दिंडीगुल अशा तीन अभ्यासांत तपासणी न मिळालेल्या १,३८,६२४ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी २५४ जणी या कर्करोगाने गेल्या, असा हिशोब त्यांनी २०१४ मध्ये मांडला. त्या बायांना संमती घेताना सगळे नीट समजावले होते का, हाही त्यांचा सवाल होता. संशोधकांचे उत्तर असे की या भागात तपासणीची कोणतीही सोय मुळातच नव्हती, कुणाचे काही काढून घेतले नाही, आणि तुलना केल्याशिवाय सरकारला पटवता आले नसते. मुंबईत अभ्यास संपल्यावर राहिलेल्या स्त्रियांनाही तपासणी देऊ करण्यात आली.

आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. संशोधकांना खलनायक ठरवणे आम्हांस पटत नाही. बार्शीच्या मंडळींनी त्या खेड्यांत जे केले ते दुसऱ्या कुणीही केले नव्हते. पण "मुळातच काही सोय नव्हती" हे उत्तरही आमच्या घशाखाली उतरत नाही. सोय का नव्हती? ज्याच्या वाट्याला नेहमीच काही नसते, त्याला काही दिले नाही तरी अन्याय होत नाही, हा युक्तिवाद आपल्या समाजाने पाणवठ्यापासून दवाखान्यापर्यंत ऐकलेला आहे.

लसीची कथाही अशीच वळणावळणाची. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत पाथ नावाच्या परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना एचपीव्हीची लस टोचण्यात आली. काही मुलींचे मृत्यू झाले. मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही; पण खम्ममच्या आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. आम्ही रोज कार्यालयात सह्या घेतो. आईबापाच्या सहीच्या जागी दुसऱ्याची सही चालत नाही हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे.

या गदारोळात २०१० साली सरकारने लसीचे सगळे अभ्यास थांबवले. त्याच वेळी देशात दुसरा एक स्वतंत्र अभ्यास चालू होता. लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे त्यात बघायचे होते. त्याच्या केंद्रांत आपले बार्शी होते, पुणेही होते. काम मध्येच बंद पडल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचे राहून गेले. संशोधकांनी या मुलींना सोडून दिले नाही, दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०२१ मध्ये जे हाती आले ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. सोळा आणि अठरा या प्रकारांचा विषाणू मुक्काम ठोकू नये यासाठी एकच डोस जवळजवळ तीन डोसांइतकाच उपयोगी पडला होता! पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसालाही मान्यता दिली. तीनऐवजी एक म्हणजे खर्च एक तृतीयांश. जगातल्या गरीब देशांच्या मुलींना याचा लाभ होतो आहे, आणि त्यामागे बार्शीच्या मुलींचाही वाटा आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने भारतीय बनावटीची लसही काढली, २०२३ च्या सुरुवातीला ती बाजारात आली.

लस नऊ ते चौदा वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तर तिचा पूर्ण फायदा होतो. आधीच झालेला संसर्ग ती बरा करीत नाही. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही, हे आयांनी ध्यानात ठेवावे. आणि "लस घेतली की मूल होत नाही" अशी कुजबुज आमच्याही कानावर आली आहे. ती निव्वळ खोटी आहे. उलट गर्भाशयमुखाचा रोग झाला आणि शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करावे लागले तर मूल होण्याची आशा संपू शकते.

भीतीचा व्यापार कसा होतो याचे उदाहरण लांबचे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून गेलेल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घालून टेबलावर घेण्यात आले होते. एकीकडे मावशीला कुणी तपासले नाही, दुसरीकडे तपासल्यावाचूनच पिशवी काढली. साधी, स्वस्त तपासणी मध्ये उभी असती तर दोन्ही टळले असते.

बाईच्या शरीराचा विषय चारचौघांत काढणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक आठवण. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा पुरस्कार केला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला, पण मांडला गेला. त्या काळी भल्याभल्यांना ज्याचा उच्चार करवत नव्हता तो विषय आपल्या नेत्याने सभागृहात नेला.

२०२२ मधील अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि जवळपास ८० हजार दगावतात. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हायची आहे. म्हणजे कागदावर हक्क आहे. कागदावरचा हक्क मागणारा समोर उभा राहिला नाही तर फाईल हलत नाही, हे कारकुनाइतके कुणाला ठाऊक असणार? आरोग्य केंद्रात, कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात जाऊन तोंडाने विचारायचे: गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या वारी असते? एचपीव्हीची चाचणी मिळते का? मुलीची लस मिळते का? नुसती इंजेक्शने मिळाली आणि आतून तपासले नाही, तर पुन्हा विचारायचे. पाळी गेल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर रक्त दिसले, वास येणारे पाणी जात राहिले, तर तपासणीच्या वाराची वाट बघायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे.

ज्यांना टेबलावर झोपण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी संशोधनाचा आताचा कल दिलासा देणारा आहे. एचपीव्हीच्या चाचणीसाठी बाईने स्वतःच, आडोशाला, छोट्या ब्रशने नमुना घेतला तरी तो चालतो असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. ही पद्धत आपल्याकडे घरोघर पोहोचली तर लाजेचे अर्धे कारण संपेल. उरलेले अर्धे घरातल्या पुरुषांच्या हाती आहे.

पौर्णिमेला हात वर आला नाही हे वर सांगितलेच. घरी येताना आमच्या घरच्यांनी रस्त्यात विचारले, "दुसऱ्यांच्या बायकांना विचारलंत, मला कधी विचारलंत?" आम्ही गप्प. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. त्याच आठवड्यात रजा टाकून आम्ही दोघे गेलो. तपासणीला दहा मिनिटेही लागली नाहीत. बाहेर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पाळणा लांबवायला बसवतात त्याच्यापेक्षा सोपं आहे." हे वाक्य त्यांनीच नळावर सांगितले, आणि आमच्या तासाभराच्या भाषणाने जे झाले नाही ते झाले. आज वहीत तेवीस नावे आहेत. सर्वांत खाली त्या आजींचेही आहे, वय बसत नसताना.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता विहारात एक परिचारिका भगिनी येऊन बोलणार आहेत. तो तासभर आत फक्त बायका बसतील. लहान मुले पुरुषांनी सांभाळायची आहेत, त्यासाठी बाहेर वडाखाली सतरंजी घातलेली असेल. आम्ही अडीचपासून तेथे आहोत.